किल्ल्यातली शाळा

मंडळी, पाहुणे आले की आपण त्यांना वसई किल्ल्यात काय दाखवतो? चिमाजी आप्पांचा पुतळा, नागेश्वर मंदिर, मग एखाद्या पडक्या चर्चपुढे फोटो. त्यातल्या येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइटांच्या चर्चला लागून त्यांचं कॉलेज होतं, हे सांगायचं राहूनच जातं.

शिकवणं हे या संघाचं मोठं काम. फ्रान्सिस झेवियर १५४० च्या दशकात वसईला येऊन गेले, आणि थोड्याच काळात संघाने इथे जम बसवला. आपला गोन्सालो गार्सिया याच धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला. गंमत बघा, ज्यांनी शिकवलं त्यांनीच त्याला संघात घेतलं नाही! मग त्याने व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं.

“पोर्तुगीजांचं कशाला जपायचं?” हा प्रश्न हमखास येतो. ते शिक्षण धर्मप्रसारासाठी होतं, सत्तेच्या जोरावर होतं. लपवायचं काय त्यात? पण १७३९ मध्ये आप्पांनी किल्ला घेतला तो याच भिंतींसकट. त्या पडल्या तर मराठ्यांनी काय जिंकलं, हे तरी पोरांना कसं दाखवणार?

खरा शत्रू आहे पिंपळ. वरून फांद्या छाटल्या की काम झाल्यासारखं वाटतं, पण मूळ भिंतीत जाड होतच राहतं आणि दगड सरकवतं. चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते, तेही वाईटच. म्हणून श्रमदानाच्या उत्साहात कोयते-कुदळी घेऊन जाऊ नका. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. जे करायचं ते त्यांच्या परवानगीने, त्यांच्या जाणकारांसमोर. आणि भिंतीवर बदाम कोरणाऱ्यांनो, संरक्षित वास्तू खराब केली तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रेम घरी करा.

खात्याला द्यायचा अर्ज लिहायला घेतलाय. मागण्या दोनच: पावसाळ्याआधी भिंतींतल्या मुळांची पाहणी, आणि इथे शिक्षण चालायचं हे सांगणारा मराठी फलक, लांबून वाचता येईल असा. सह्या लागतील. पापडी, गिरीज, रमेदी, पाचूबंदर, जिथून जमेल तिथून कळवा; कागद घेऊन मी येतो.