मनीऑर्डरची कुपनं

५ जुलै २०१९
बाबा परवा पहाटे गेले. वय शहाऐंशी. पाऊस असूनही अख्खी वाडी येऊन गेली. जो तो म्हणतो, "घरासाठी झिजला माणूस." ते झिजणं नेमकं कसं होतं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

६ जुलै
१९५१ मध्ये, अठराव्या वर्षी बाबा मुंबईला गेले. किनाऱ्यावरून पडावात, पडावातून बोटीवर, आणि उतरले ते भाऊच्या धक्क्यावर. तिथून लालबागला, गावकीच्या खोलीत. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची तिथेच आडवी व्हायची. जेवण खानावळीत. आधी बदली कामगार: रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं, हाक आली तर काम, नाहीतर परत. पुढे साचाखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले.

साचाखात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. ओठ आणि हात बघून समजून घ्यायचं. त्या खडखडाटात बाबांचे कान साठीच्या आधीच गेले. पण नातवंडं काय कुजबुजतात ते त्यांना लांबून कळायचं. पोरं चकित व्हायची आणि बाबा खूश.

८ जुलै
आईने ट्रंक उघडली. मनीऑर्डरची कुपनं, सुतळीने बांधलेली. "ह्यांचं अक्षर बघ," म्हणाली. तिला वाचता येत नाही. पोस्टमन वाचून दाखवायचा, मग ती जपून ठेवायची.

"साठ पाठवले. पैकी वीस खताचे." "धाकट्याचा कान वाहतो, रत्नागिरीस दाखवणे." "मुलीची शाळा बंद करू नये." शेवटच्या वाक्याखाली रेघ आहे. ताई पुढे शिक्षिका झाली. स्वतःबद्दल मात्र एकाही कुपनावर एक ओळ नाही. ताप, भूक, जागरण, काही नाही.

तीसेक वर्षं बाबा शिमग्याला आणि गणपतीला तेवढे घरी येत. एकदा ताई त्यांना बघून आईच्या मागे लपली होती, ओळखलंच नाही तिने. आई सांगते, त्या रात्री ते जेवले नाहीत. लोक पैशांचं बोलतात. बाबांनी खरं दिलं ते हे: आम्ही रांगलो, बोबडं बोललो, दात पडले, आणि हे सगळं त्यांनी आमच्याच पोटासाठी पाहायचं सोडलं. कोकणातल्या घराघरात असा बाप होऊन गेला. त्यांना कष्टाळू म्हणून आपण फार लवकर मोकळे होतो.

१० जुलै
१८ जानेवारी १९८२. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपासाठी बाहेर पडले, त्यात बाबा. त्यांचा संपावर मनापासून विश्वास होता, शेवटपर्यंत. मनीऑर्डरी थांबल्या, आईच्या पाटल्या गेल्या. पावसाळ्याला बाबा गावी आले आणि प्रथमच अख्खी लावणी आमच्यात राहिले. चिखलात कसं उभं राहायचं, तरवा मुळं न तोडता कसा उपटायचा, हे त्यांनी मला तेव्हा शिकवलं. रात्री माझी गणितं तपासायचे. घरात भात पुरत नव्हता आणि मी आनंदात होतो. त्या आनंदाची बोच अजून आहे. तरी तो खरा होता.

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. त्यांनी दादरला एका इमारतीवर रात्रीची राखण धरली. ताईचं डीएड आणि माझं कॉलेज त्या पगारावर झालं.

१३ जुलै
तरवा वाढून चाललाय. आज शेजारचे न बोलावता आले, बायामाणसं सगळी. भाऊ म्हणतो, मजुरी परवडत नाही, यंदापासून शेत पड टाकू. आईने त्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "खालचा चोंडा आधी. हे तोच आधी लावायचे, पाणी तिथं धरतं." मी ऑफिसात फोन करून रजा वाढवून घेतली. संध्याकाळपर्यंत खालचा चोंडा झाला. उद्या वरचा.