‘मि.’ म्हणजे काय?

संक्षेपाची आवड आपल्या समाजास नवी नाही. ‘सा. न. वि. वि.’ ह्या चार अक्षरांत आपल्या वाडवडिलांनी साष्टांग नमस्कारही घातला आणि विनंतीही केली. आणि पत्र संपल्यावर जे आठवले त्यास ‘ता. क.’ ह्या दोन अक्षरांच्या ओसरीवर जागा करून दिली. ही अक्षरे कोणास कधी अडली नाहीत, कारण ती प्रत्येक घरी एकाच अर्थाने नांदत होती. संक्षेपाची सारी पुण्याई ह्या एका गोष्टीत आहे. ती सुटली की काय होते, हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. पण ते शिक्षण आमच्या नशिबी दुसऱ्याच्या खर्चाने व्हावयाचे होते.

आमच्या महाविद्यालयातील काही तरुण सहकाऱ्यांनी वसतिगृहाच्या प्रवेशासाठी एक सॉफ्टवेअर तयार केले आणि त्याची मराठी मार्गदर्शिका लिहिण्याचे काम आम्हांवर सोपविले. त्यांचे टिपण इंग्रजीत होते. भाषा शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसास पन्नास पानांचे ते काम अवघड वाटण्याचे कारण नव्हते. आम्ही ते उत्साहाने केले, आणि वाक्ये सुबोध उतरली म्हणून थोडे खूषही झालो. अकराव्या पानावर आम्ही लिहिले, ‘अर्ज भरण्यास सुमारे २० मि. लागतात.’ येथे ‘मि.’ म्हणजे मिनिटे, हे कोणीही सांगेल. पुढे चौतिसाव्या पानावर कार्यालयाने करावयाच्या मांडणीचा एक तक्ता होता. त्यात मूळ टिपणात मिलिसेकंदाची खूण होती. इतरत्र आम्ही तिचे ‘मि.से.’ असे रूप केले होते. पण ह्या तक्त्यातील रकाना अरुंद पडला, ‘से.’ खालच्या ओळीत घसरू लागला, आणि आम्ही सौंदर्यदृष्टीने तो उडवून टाकला. राहिला एकटा ‘मि.’.

प्रवेशाचा शेवटून दुसरा दिवस होता. खेड्यांतून आलेली मुले महाविद्यालयातील संगणकांवर अर्ज भरीत होती. पुष्कळांना टंकलेखनाचा सराव नव्हता, आणि वीस मिनिटे हात थांबला की अर्ज आपोआप बंद होई. आमच्या कार्यालयातील कारकुनास त्यांची दया आली. त्याने मार्गदर्शिका उघडली, चौतिसावे पान काढले, ‘निष्क्रियतेची मुदत (मि.)’ हा कोरा रकाना पाहिला, आणि मुलांना थोडी सवड मिळावी म्हणून त्यात ३० हा आकडा भरला. यंत्राने तो तीस मिलिसेकंद असा घेतला. पापणी लवण्यासही ह्याहून अधिक वेळ लागतो. त्या क्षणापासून जो तो अर्ज उघडताच मिटू लागला. हा प्रकार साडेतीन तास चालला. एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन पहाटेच्या एस.टी.ने आले होते. परतीची गाडी चुकेल म्हणून ते अर्ज न भरताच निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा यावे लागले, म्हणजे दोन माणसांचे भाडे आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली.

सायंकाळी प्राचार्यांनी कारकुनास बोलाविले. आम्ही तेथेच बसलो होतो. मार्गदर्शिका मेजावर उघडी होती आणि चौतिसावे पान आमच्याकडे पाहत होते. कारकून खाली मान घालून म्हणाला, “माझ्याच हातून चूक झाली असेल, साहेब.” आम्हांस त्याच क्षणी सारे उमगले, आणि, सांगावयास लाज वाटते, आम्ही बोललो नाही. प्राचार्यांनी त्यास दोन कठोर शब्द सुनावले आणि बैठक संपली.

ती रात्र बरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम प्राचार्यांकडे जाऊन आम्ही दोष आपल्या पदरात घेतला, आणि मग कार्यालयात जाऊन त्या कारकुनाची क्षमा मागितली. तो भला माणूस उलट आम्हांसच धीर देऊ लागला. मात्र बोलता बोलता त्याने जे वाक्य उच्चारले ते आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. तो म्हणाला, “सर, पान अकरावर तुम्हीच ‘मि.’ म्हणजे मिनिटं असं लिहिलं होतं. म्हणून मी कोणाला विचारलं नाही.”

ह्या वाक्याचा अर्थ वाचकांनी नीट पाहावा. कारकून निष्काळजी नव्हता. त्याने पुस्तक वाचले होते, एवढेच नव्हे तर लक्षात ठेवले होते. ज्याने अकरावे पान वाचलेच नसते, तो चौतिसाव्या पानावर अडखळला असता आणि विचारावयास आला असता. लेखकाच्या विसंगतीने अविश्वासू वाचक फसत नाही, तो विचारतो. फसतो तो आपणांवर विश्वास ठेवणारा.

आमच्या अपराधाचे मूळ आमच्या विद्वत्तेतच होते, हे आम्हांस मागाहून कळले. निबंधात एकच शब्द दोनदा आला की त्याखाली तांबडी रेघ ओढावयाची, हा आमचा आजवरचा व्यवसाय. पुनरुक्ती टाळा, पर्याय शोधा, असे आम्ही किती विद्यार्थ्यांस बजावले असेल! ललित लेखनात ते ठीकच आहे. तेथे चंद्राचा सुधाकर झाला आणि पुढे निशापती झाला तरी आकाशात तीन चंद्र उगवले असे कोणी समजत नाही. मार्गदर्शिकेचा वाचक मात्र रसिक नसतो, अडलेला असतो. खूण बदललेली दिसली की वस्तूही बदलली असली पाहिजे, असे तो मानतो, आणि तसे मानण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. आम्ही आमचे हस्तलिखित पुन्हा तपासले तेव्हा एका किलोबाइटाची चार रूपे सापडली: ‘केबी’, ‘के.बी.’, ‘के. बी.’ आणि ‘किलोबाइट’. संगणकास त्यांतील एक रूप शोधावयास सांगितले की उरलेली तीन तो निमूटपणे वगळी, म्हणून दुरुस्तीसही चौपट वेळ लागला.

त्यातून ह्या किलोबाइटाचे घराणे मुळातच भानगडीचे. ‘किलो’ म्हणजे एक हजार, ही मेट्रिक पद्धतीतील जुनी रीत. संगणकवाल्यांना दोनाच्या पटीत मोजणे सोयीचे, म्हणून त्यांनी १०२४ ला ‘किलो’ म्हटले. चोविसांचा फरक क्षुल्लक वाटला. पण नाव ‘टेरा’पर्यंत चढले की तोच फरक शेकडा दहाच्या घरात जातो. एक टेराबाइटाची तबकडी विकत आणावी आणि संगणकाने ती ९३१ गिगाबाइटांची म्हणून दाखवावी, ह्यात दुकानदाराने मापात मारलेले नसते. दोघांचे शेर निराळे असतात. जुन्या फ्लॉपीवर ‘१.४४ एमबी’ असे छापलेले असे. तेथे तर एक मेगाबाइट म्हणजे हजार वेळा १०२४, अर्धे माप एका पद्धतीचे व अर्धे दुसऱ्या! अखेर १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने १०२४ साठी ‘किबी’, ‘मेबी’ अशी स्वतंत्र नावे ठरविली. ती कानास अद्याप परकी वाटतात, आणि पुष्कळ ठिकाणी जुनाच घोळ चालू आहे.

आपणांस ह्यात नवल वाटू नये. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक होता. शब्द एक, ओझे जवळजवळ तिप्पट. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९५६ साली वजनामापांचा कायदा करावा लागला. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे पैसे चौसष्ट होते, ते आता शंभर व्हावयाचे होते. तेव्हा सरकारने एक शहाणपण केले: नव्या नाण्यास नुसता ‘पैसा’ न म्हणता ‘नया पैसा’ म्हटले, आणि लोकांच्या हातांस सवय झाल्यावर, १९६४ साली, तो ‘नया’ काढून टाकला. भाजीवालीची फसगत होऊ नये म्हणून नाण्यावर एक शब्द अधिक कोरणारे ते अधिकारी आम्हांस उत्तम मार्गदर्शिकाकार वाटतात.

एककाचा घोटाळा केवढा महाग पडतो ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९९९ चे आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ने मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान त्या सप्टेंबरात नाहीसे झाले. जमिनीवरील एक सॉफ्टवेअर जोराचे आकडे पौंडाच्या मापात देत होते आणि घेणारे ते न्यूटनच्या मापातील समजत होते. त्यामुळे प्रत्येक धक्का सुमारे साडेचार पटीने कमी धरला गेला. न्यूटनचे माप वापरावे असे कागदोपत्री ठरलेले होते. परंतु ठरलेली गोष्ट शेवटल्या रकान्यापर्यंत पाळली गेली नाही, आणि उघडा आकडा स्वतःहून आपले कुळ सांगत नाही.

शास्त्रज्ञ एककांच्या खुणांस संक्षेप म्हणतच नाहीत, चिन्हे म्हणतात; म्हणून त्यांपुढे पूर्णविराम नाही आणि त्यांस अनेकवचनही नाही. रोमन लिपीत त्यांना थोरल्या-धाकट्या अक्षरांचीही सोय आहे: धाकटा ‘एम्’ मिलीचा आणि थोरला मेगाचा. त्या दोन भावांत शंभर कोटी पटींचे अंतर! धाकटा ‘बी’ बिटचा, थोरला बाइटचा, आणि त्यांत आठपटीचा फरक. आपल्या देवनागरीत थोरले-धाकटे नाही. ‘एमबी’ लिहिले की दोन्ही भाऊ एकाच अंगरख्यात. आणि आपला ‘मि.’ तर कधी मिनिट, कधी मिली, ‘से.’ कधी सेकंद, कधी सेल्सिअस. तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यास इंग्रजी लेखकाहून अधिक जपावे लागते.

आम्ही दुसरी आवृत्ती केली तेव्हा तीन नियम स्वतःस घालून घेतले. एका खुणेस एकच अर्थ आणि एका अर्थास एकच खूण, आणि त्या सर्वांची यादी पहिल्या पानावर. पडद्यावर जे रूप दिसते तेच पुस्तकात. आणि जेथे संशयास जागा असेल तेथे पूर्ण शब्द, मग रकाना अरुंद असो वा पान कुरूप दिसो. चौतिसाव्या पानावर आता ‘मिलिसेकंद’ असे सबंध लिहिले आहे. शब्द दोन ओळींत मोडतो, आणि तक्ता दिसावयास ओबडधोबड झाला आहे.

एका सहकाऱ्याने तो पाहून विचारले, “एवढ्या बारीकसारीक गोष्टीचे इतके काय? आशय कळल्याशी कारण.” आम्ही त्यांस काही उत्तर दिले नाही. कारकुनाकडे मात्र छापण्यापूर्वीची प्रत स्वतः नेऊन दिली आणि सांगितले की, जेथे अडाल तेथे खूण करा. त्याने ती आठवड्याने परत केली. सबंध पुस्तकात एकच खूण होती. पान अकरावर, ‘२० मि. लागतात’ ह्यापुढे, त्याने शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते: “सर, इथेही पूर्ण लिहावे.”