सहा महिन्यांची वही

इब्न बतूता १३२५ मध्ये तांजियरहून निघाला आणि फिरत फिरत आपल्या दौलताबादलाही आला. त्याचा सफरनामा मात्र मायदेशी परतल्यावर सांगून लिहवला गेला. तो १३५५ मध्ये पुरा झाला.

माझी मुलगी एका सेमिस्टरसाठी इस्तंबूलला निघाली, तेव्हा मी म्हटले, "बेटा, तू सगळे आठवणीवर सोडू नकोस." कोरे कागद दुमडून दाभणाने शिवले, जुन्या फाईलचा पुठ्ठा लावला, तिकिटांसाठी मागे एक पाकीट चिकटवले. रोज तारीख, ठिकाण आणि निदान चार ओळी, एवढीच अट घातली.

तिकडून फोटो यायचे. सुलेमानिया मशिदीचा घुमट, बॉस्फरसचे निळे पाणी. सगळ्यांत ती हसरी. आम्ही निर्धास्त होतो.

परतल्यावर तिने वही माझ्या हातात दिली. पहिल्या रोजाचे पान उघडले. एमिनोनूहून उस्कुदारला जाणाऱ्या बोटीत असतानाच मगरिबची अजान झाली. पिशवीत खजूरही नव्हता. ‘अम्मी, मला रडू आले,’ असे लिहिले होते. शेजारच्या अनोळखी बाईने आपला सिमित, म्हणजे तीळ लावलेला गोल पाव, मोडून अर्धा तिला दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पानाच्या घडीत दोन तीळ अजून होते.

"फोनवर का नाही सांगितलेस?"

"तुम्हाला झोप लागली नसती."

मुलांना परदेशी पाठवताना बॅगेत अशी एक वही जरूर ठेवा. परतल्यावर त्यांनी दिली, तर सावकाश वाचा.