दारूचे माप

मराठी भाषेने एकाच शब्दात दोन आगी कोंडून ठेवल्या आहेत. एक घशाखाली उतरते, दुसरी बंदुकीच्या नळीत ठासतात. नाव मात्र दोहींचेही दारूच. आमच्या लहानपणी डहाणूच्या वाडीवर या एका शब्दामुळे पुष्कळ करमणूक होत असे. मुंबईहून आलेल्या एखाद्या सोवळ्या पाहुण्याला आमची आजी सहजपणे सांगे, "बसा हं, ते मागल्या अंगणात दारू वाळवताहेत." पाहुण्याच्या मुद्रेवरील भाव पाहून आम्ही मुले पडद्याआड हसत असू. आजोबांच्या ओठास ताडीचा थेंबही कधी लागला नाही. ते वाळवीत ती बंदुकीची काळी दारू.

समुद्रकाठची हवा दमट आणि दारूला ओल मुळीच सोसत नाही. म्हणून पावसाळा वगळता दर पंधरवड्याला ती बाहेर काढून कोवळ्या उन्हात कापडावर पसरावयाची, विडी ओढणाऱ्या माणसास वाडीच्या त्या टोकाला फिरकू द्यावयाचे नाही आणि ती हलविण्यास लोखंडाचा चमचा घ्यावयाचा नाही, लाकडी उलथणे घ्यावयाचे, असा आजोबांचा दंडक होता. पुढे कॉलेजात असताना रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' वाचण्याचा योग आला, तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटली. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारूस सर्दी बाधू देऊ नये, आठपंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. आजोबांनी तो ग्रंथ वाचलेला नव्हता. दारू बाळगणाऱ्या माणसास जे शहाणपण दोनशे वर्षांपूर्वी लागत होते तेच त्यांनाही लागत होते, एवढाच त्याचा अर्थ.

आजोबांची बंदूक ठासणीची होती. ही बंदूक वापरणारा मनुष्य प्रत्येक वेळी आपले काडतूस आपल्याच हातांनी तयार करीत असतो, ही गोष्ट तयार काडतुसांच्या काळातील वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. नळीत मापाने दारू ओतावयाची, काथ्याचा बोळा गजाने ठासावयाचा, वर छर्रे, पुन्हा बोळा, आणि मग घोड्याखाली टोपी बसवावयाची. दारू निवडणे हा यातील अर्धा भाग. बारीक रव्यासारखी दारू लवकर पेटते, जाड दाण्याची सावकाश. म्हणून आखूड नळीला बारीक आणि लांब नळीला जाड, हा ढोबळ नियम. आजोबा चिमूटभर दारू तळहातावर चोळून पाहत. हात फार काळा झाला म्हणजे दाणा फुटका, त्यात भुकटी अधिक. मग कागदावर ठेवून ती पेटवीत. कागद न जाळता ती भप्पकन उडून गेली म्हणजे उत्तम. मागे ओलसर काळे मणी राहिले म्हणजे सोऱ्यात खोट किंवा दारूत ओल. माप म्हणून त्यांच्याजवळ बांबूचे एक नळकांडे होते. ते गळ्यातील जानव्याइतक्याच निष्ठेने ते सांभाळीत.

वाडीचा राखणदार एक वृद्ध वारली होता. तलासरीच्या बाजूला कूळकायद्याने त्याच्या स्वतःच्या नावे झालेला भाताचा एक तुकडा होता, आणि रानडुकरांपासून पीक राखण्याकरिता त्यालाही ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळालेला होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. शेतकऱ्याची ही गरज कायदा करणाऱ्यांनीही ओळखली होती. आजोबा आणि तो एकाच ठिकाणची दारू वाटून घेत. निवडताना दोघेही उकिडवे बसून त्या काळ्या दाण्यांकडे असे निरखून पाहत, की जणू बियाण्याचे भातच पारखीत आहेत.

१९६६ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. आम्ही तेव्हा मुंबईस रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. करीत होतो आणि सुटीत वाडीवर आलो होतो. त्याच सुमारास आमचे काका आपले रिव्हॉल्व्हर घेऊन आले. परवान्यावर मिळणारी काडतुसे थोडी, किंमत भारी, आणि काकांना नेमबाजीचा शौक जबर. त्यांनी वापरलेल्या पुंगळ्या जपून ठेवल्या होत्या, कोठून तरी टोप्या व शिशाच्या गोळ्या मिळविल्या होत्या, आणि त्या घरीच पुन्हा भरण्याचा त्यांचा बेत होता. परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. पण घरच्या चार भिंतींत केलेली गोष्ट गुन्हा नसते, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा एक जुना समज आहे. प्रश्न एवढाच उरला होता की, दारू कोणती घालावी? एकीकडे आजोबांची काळी दारू, दुसरीकडे बारा बोरच्या काडतुसांतून काढलेली बिनधुराची. आजोबा त्या आठवड्यात मुंबईस गेले होते. काकांनी निवाडा आमच्यावर सोपविला. "अरे, तू रसायनशास्त्रवाला. सांग पाहू," असे ते म्हणाले, आणि आम्ही फुगलो.

आम्ही प्रयोग केला. ओट्याच्या दगडावर दोन्ही दारूंच्या दोन चिमटी ठेवून काडी लावली. काळी दारू एका क्षणात फुस्सकन उडाली, पांढऱ्या धुराचा लोट उठला. बिनधुराची मात्र पिवळ्या ज्योतीने शांतपणे, एखाद्या वातीसारखी जळत राहिली. आम्ही गंभीरपणे निर्णय दिला : ही नवी दारू मऊ आहे, धूर व काजळी नाही, तेव्हा हीच घ्यावी, आणि मऊ असल्यामुळे काळ्या दारूइतके माप भरण्यास काहीच हरकत नाही.

हा निर्णय किती घातक होता, हे आज सांगताना देखील हातास कंप सुटतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती उघड्यावर पेटली काय किंवा कोंडून पेटली काय, तिच्या जळण्याच्या वेगात त्या मानाने थोडा फरक पडतो. बिनधुराची दारू ही निराळीच जात. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होणाऱ्या स्फोटक पदार्थाला काबूत आणून पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये ती सिद्ध केली. पुढे १८८७ मध्ये नोबेलने आणि १८८९ मध्ये एबल व ड्यूअर यांनी आपापले प्रकार काढले. तिचा गुण असा की, दाब जितका वाढेल तितकी ती वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळते तितका दाब आणखी वाढतो. उघड्या दगडावर वातीसारखी तेवणारी ती दारू बंद पुंगळीत भलतेच रूप धारण करते. शिवाय तिच्यातही शेकडो भेद असतात. दाण्याचा आकार, जाडी आणि त्यावरचा लेप यांनी तिचा वेग ठरतो. लांब नळीच्या रायफलीस सावकाश जळणारी, पिस्तुलाच्या आखूड नळीस लवकर जळणारी. काळी दारू मापाने भरतात, ही वजनाने, तीही गुंजेच्या अंशाचा हिशेब ठेवून. अमेरिकेसारख्या देशांत घरी काडतुसे भरण्याची कायदेशीर रूढी आहे. तेथील अनुभवी मनुष्य दारू करणाऱ्याच्या छापील कोष्टकाबाहेर पाऊल टाकीत नाही. थोडीशी दारू पुंगळीच्या तळाशी लपते आणि चुकून दुसऱ्यांदा भरली तरी दिसत नाही, म्हणून पुंगळी बरीचशी भरणारी, दुप्पट झाल्यास उतू जाणारी दारू पुष्कळ जण पसंत करतात. आम्हांस यातले काहीही ठाऊक नव्हते. आम्हांस फक्त दोन चिमटी ठाऊक होत्या.

दुपारी सहा पुंगळ्या भरून झाल्या. काका चिकूच्या झाडांपलीकडे निघाले, तेव्हा राखणदार वाटेत उभा होता. त्याने सकाळपासून सारे पाहिले होते. तो काकांशी बोलला नाही, आमच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, नवी दारू हाय. नव्या दारूचा पयला बार कोणी हातात धरत नाय." काका हसले. पण म्हातारा वाटेतून हलेना. अखेर त्याची समजूत घालावयाची म्हणून रिव्हॉल्व्हर चिंचेच्या बुंध्याला काथ्याने घट्ट बांधले, चापाला दोरी लावली, आणि आम्ही तिघे बांधाआड बसलो. दोरी ओढली काकांनी.

तो आवाज बंदुकीचा नव्हता. जवळ जाऊन पाहतो तो फिरत्या चक्राचा वरचा अर्धा भाग नाहीसा झालेला, वरची पट्टी कमानीसारखी वाकलेली, आणि चिंचेच्या सालीत पोलादाचा एक तुकडा बोटभर रुतलेला. काकांचा चेहरा जेथे असावयाचा होता त्याच रेषेत तो होता. म्हाताऱ्याने तो तुकडा पाहिला, आणि मुकाट्याने काथ्या सोडावयास लागला.

येथवरची गोष्ट आम्ही अनेकांस सांगितली आहे. पुढची क्वचितच सांगितली.

आवाज दूरवर गेला होता. संध्याकाळी चौकीवरून दोघे जण विचारपूस करावयास आले. काकांनी त्यांस ओसरीवर बसविले, चहा दिला, आणि सहज स्वरात म्हणाले, "आमच्या राखणदाराने ठासणीचा बार काढला असेल. दारू जास्त भरतात हे लोक." आम्ही खांबाशी उभे होतो. म्हातारा पायरीखाली उभा होता. त्यांनी त्याला विचारले; त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि मान हलविली. ती होकाराची की कशाची, हे कोणी पाहिले नाही. वस्तीजवळ बेफिकिरीने बार काढल्याबद्दल त्याची बंदूक तपासणीसाठी जमा करण्यात आली.

तो का बोलला नाही, हे त्या रात्री आम्हांस कळले नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्याचे काही सोबती मारले गेले. वेठीविरुद्ध उठलेल्या त्या माणसांची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात महाराष्ट्राने पुढे वाचली. आमचा राखणदार त्या दिवशी त्या जमावात होता, असे आजोबा सांगत. ओसरीवरच्या माणसाचा शब्द आणि पायरीखालच्या माणसाचा शब्द यांचे वजन किती भरते, हे त्याने बंदुकीच्या तोंडासमोर उभे राहून शिकलेले होते. आमचे मौनही त्याने बहुधा त्याच तराजूत तोलले असावे. ज्याच्या सावधगिरीमुळे आमच्या घरातील एक मनुष्य वाचला, त्याच्यावर त्याच दिवशी बेफिकिरीचा आळ आला, आणि बी. एस्सी.चा विद्यार्थी खांबाला टेकून उभा राहिला.

सुटी संपली, आम्ही मुंबईस परतलो. खोलीवर अभ्यासाचे पुस्तक उघडले की ती मान हलताना दिसे. अखेर भाद्रपदात आजोबांस सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले नाही. ते स्वतः चौकीवर गेले, ही बातमी आली. त्यांनी सारे खरे सांगितले. काकांचा परवाना गेला, दंड झाला, आणि पुष्कळ वर्षे ते आमच्याशी बोलले नाहीत. म्हाताऱ्याची बंदूक दिवाळीच्या आधी परत मिळाली. पण भात तोवर निसवून पिकलेले होते, आणि राखण नसलेल्या त्या तुकड्यात डुकरे दोन रात्री मनसोक्त लोळून गेली होती.

वसईच्या वेढ्यात, १७३९ साली, उशिरा उडालेल्या एका सुरुंगाने चालून जाणाऱ्या आपल्याच माणसांचा घात केला, असे इतिहासात वाचावयास मिळते. दारूला आपपर कळत नाही. पण दारू भरणाऱ्याला ते कळावयास हवे, आणि आमचे चुकले ते येथे. दगडावरच्या दोन चिमटींवरून आम्ही नव्या दारूची परीक्षा केली. तशीच, उघड्यावर शांत दिसतो म्हणून, त्या म्हाताऱ्याच्या मौनाचीही केली. पहिल्या चुकीला अज्ञानाची सबब होती. दुसरीला नव्हती.

आता ती वाडी आमच्याकडे नाही. ठाण्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी पालघर जिल्ह्यात गेले. बांबूचे नळकांडे मात्र आमच्या टेबलावर आहे. नातवंडे त्यात पेन्सिली ठेवतात.

त्या वर्षी दिवाळीत आजोबांनी नुकसानभरपाई म्हणून चार मण भात गाडीत घालून म्हाताऱ्याच्या झोपडीवर पाठविले. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. तीत एक मण भात होते आणि म्हातारा बैलांबरोबर चालत आला होता. आजोबांनी विचारले, "का रे, परत का?" तो म्हणाला, "डुकरांनी तीन मण खाल्लं, शेट. पायलीनं मोजून घेतलंय."