'दित' म्हणजे काय?

गणिताच्या तासाला आम्ही कधी कधी फळ्यावर दोन शब्द लिहितो. वर 'रात', खाली 'दिन'. नियम दोनच. एका वेळी एकच अक्षर बदलायचे (मात्रा अक्षराबरोबर धरायची) आणि मधला प्रत्येक शब्द अर्थाचा हवा. कुणी रात, वात, वान, दिन असे जाते. कुणी रात, रान, दिन. दोन्ही बरोबर, दुसरी वाट जवळची. कुणी मध्ये 'दित' लिहिले, की आम्हाला बोलावे लागत नाही. वर्गच विचारतो, "दित म्हणजे काय?"

ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या लुईस कॅरल यांनी हा खेळ १८७७ च्या नाताळात काढला. आमची बरीच मुले घरी उर्दू बोलतात, म्हणून त्यांना उर्दूतही देतो: 'रात' ते 'बाग'. रात, बात, बाग जमते. रात, राग, बाग जमत नाही, कारण 'राग' गाफने संपतो आणि 'बाग' गैनने. कानाला बरे वाटले, एवढ्यावर पायरी टिकत नाही.

मग फळ्यावर येते ३क + ५ = २०. "पाच!" वर्ग ओरडतो. आम्ही म्हणतो, मधला शब्द सांगा. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, म्हणून ३क = १५. दोन्ही बाजूंना ३ ने भागले, म्हणून क = ५. कुणी ३क = २५ लिहिले, तर ते 'दित' झाले.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी अल-जब्रवर किताब लिहिली, तेव्हा आजची चिन्हे नव्हती. सारी गणिते शब्दांतच पायरीपायरीने मांडलेली; त्यांत वारशाच्या वाटण्याही भरपूर.

आठवीतली एक मुलगी उत्तर चुकले की सगळे गणित खोडून टाकायची. "हे माझ्या नशिबातच नाही," म्हणायची. अशा मुली दहावीनंतर विज्ञानाचे नावही काढत नाहीत. परवा ती वही घेऊन आली. "टीचर, तिसरी ओळ दित आहे. वरच्या दोन बरोबर आहेत." तिने एकच ओळ खोडली होती.

घरी मुलांना "उत्तर काय आलं?" एवढेच विचारू नका. "ही ओळ कुठून आली?" हेही विचारा. त्यासाठी अम्मीला बीजगणित यायलाच हवे असे नाही.