इस्टेट ते इस्टेट

७ जुलै २०२५, सोमवार

काम मिळालं. कस्टम क्लिअरिंगची जुनी पेढी. बॅलार्ड इस्टेटहून ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. ३८ माणसं.

थोरल्या मालकांना दसऱ्याला नव्या जागेत पूजा हवी. धाकट्यांना सगळं हलतं हवं. भाडेकरार पाच वर्षांचा, लॉक-इन तीन. "पुढे भिवंडीला जाऊ, उलव्याला जाऊ, कोणी सांगावं? भिंत बांधू नका. भिंत बरोबर नेता येत नाही."

दसरा २ ऑक्टोबरला. हाताशी बारा आठवडे. त्यात गणपती, त्यात पितृपक्ष.

९ जुलै

मोजणी. दर तासाला उठून खुर्च्या मोजते. कोण बसलंय, कोणाचा नुसता डबा बसलाय. अकराला २२. तीनला १७. साडेपाचला ३१. पोरं दिवसभर न्हावाशेवा नाहीतर विमानतळाच्या कार्गोत, संध्याकाळी कागद टाकायला येतात.

धाकटे : म्हणजे २६ टेबलं पुरे.
मी : साडेपाचला ३१ आहेत.
धाकटे : तेव्हा ते बसतात कुठे? उभेच असतात.

खरंय. उभेच असतात. सगळे एकाच टेबलाभोवती.

१० जुलै

ते टेबल. सागवानी, सात बाय चार फूट, पाय मांडीएवढे. आवक-जावक त्यावर चालते. एका टोकाला काकू, बाकीचं टेबल सार्वजनिक. शिक्के, स्टँप पॅड, कुरिअरची पाकिटं, दोन हेल्मेटं, कोणाचा तरी अर्धा वडापाव. धाकट्यांच्या यादीत त्याच्यापुढे एकच शब्द : भंगार.

काकू गिरगावातून चालत येतात. एकतीस वर्षं. मला म्हणाल्या, "नवीन करणाऱ्या त्या तुम्हीच ना? खिडकी ठेवा हो एक."

खाली उतरले तर पाऊस थांबलेला. सगळ्या इमारतींच्या कॉर्निस एका ओळीत, वास्तुकार विटेटने आखून दिल्या तशा. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर हा सगळा भाग उभा आहे, १९१४ ते १८ मधला. इथली जमीनसुद्धा दुसरीकडून उचलून आणलेली.

१२ जुलै, शनिवार

वागळे. पाचवा मजला, चटई ४,२०० चौरस फूट. खिडक्या तीन बाजूंना. बाहेर पत्र्याच्या शेडी, पन्हळीत पिंपळ उगवलेले. एमआयडीसी १९६२ ची, तिची पहिली वसाहत ही. आता शेडी पाडून काचेच्या इमारती.

बीमखाली २.९ मीटर. वाईट नाही, चांगलंही नाही. गुड्स लिफ्ट मोठी. मापं दोनदा घेतली. एक खांब नकाशात आहे त्याहून चार इंच पुढे आहे. नेहमीसारखा.

२२ जुलै

तीन मीटरचा चौकोन धरला. सीलिंगची टाइल ६०० ची, म्हणजे पाच बाय पाच. दर चौकोनाला त्याचा दिवा, त्याची हवा, त्याचा स्प्रिंकलर, त्याचा स्मोक डिटेक्टर. केबिन उद्या कुठेही सरकली तरी आत अंधार नको, घुसमट नको, आणि डोक्यावर ती ६८ अंशाला फुटणारी लाल कुपी हवीच.

खर्च सगळा छतात जातो. छत कोणी बघत नाही. धाकट्यांना पटवायला दोन तास.

"मी हलतं फर्निचर मागितलं, तुम्ही छत विकताय."

टेबलाला चाकं लावून ऑफिस हलतं होत नाही, हे कितव्यांदा सांगतेय कोण जाणे. चाकाच्या टेबलालाही वायर असते.

२३ जुलै

म्हणून जमीन. कोबा खोदून पाइप टाकले की ते कायमचे. उचलता येणारी जमीन घ्यायची : ६०० बाय ६०० च्या लोखंडी फरश्या, वर लॅमिनेट, खाली १०० मिलिमीटरची पोकळी, वायरी त्यात मोकळ्या. कार्पेट नको. ठाण्यातला पाऊस, ओले बूट, ऑगस्टमध्ये कुबट वास.

जमीन १०० वर गेली की दारात चढ आला. एकास बाराचा उतार म्हणजे १.२ मीटरचा रॅम्प. रिसेप्शनमधून चार फूट गेले.

काय मिळवलं, काय घालवलं, याचा हिशेब इंचात.

३० जुलै

अंदाजपत्रक जास्त झालं. कापाकापी. जुन्या ऑफिसातली १८ वर्कस्टेशनं २०१६ ची आहेत, मॉड्युलर. कॅटलॉगमध्ये छापलंय, सुटतात आणि पुन्हा जुळतात. तीच नेऊ. नवी फक्त आठ. आकडा बसला.

११ ऑगस्ट

कागद. क्लिअरिंगची दप्तरं पाच वर्षं ठेवायची असा नियम. पेढीकडे १९७४ पासूनची. ४१ लोखंडी कपाटं. गच्च भरलेली एवढी कपाटं एका ओळीत लावली तर स्लॅबवाला इंजिनिअर माझ्याशी बोलणार नाही.

काकू आणि दोन पोरं चाळत बसलीत. रद्दीवाला रोज संध्याकाळी येतो. आज २१० किलो.

१९ ऑगस्ट

कालपासून धो धो. मोनोरेल मध्येच अडकली, माणसं शिडीने उतरवली, टीव्हीवर तेच. साइटवर खिडकीच्या सिलिकॉनमधून पाणी, प्लायचा गठ्ठा खालून भिजला. वरचे चौदा बोर्ड बरे. मिस्त्री बोट दाबून बघतात, दाखवतात, काही बोलत नाहीत.

२७ ऑगस्ट

गणपती. साइट बंद. घरी मोदक, डोक्यात स्प्रिंकलरची पाइपलाइन.

१ सप्टेंबर

फोर्टला पोचता आलं नाही. आझाद मैदानात मराठा आंदोलन, सीएसएमटीबाहेर पाय ठेवायला जागा नाही. फोनवर काकूंना विचारलं, कपाटं किती उरली. "सव्वीस. आणि एक उघडतच नाही."

४ सप्टेंबर

काल जीएसटी कौन्सिलने दर बदलले. एसी २८ चे १८ टक्के, पण २२ तारखेपासून. सकाळी आठला थोरल्यांचा फोन. एसी थांबवा.

हिशेबनीस म्हणतात, आपल्याला क्रेडिट मिळतंच, फरक शून्य. थोरले म्हणतात, दहा टक्के ते दहा टक्के.

एसी नाही तर छत मिटत नाही. छत मिटलं नाही तर पार्टिशन उभं राहत नाही. २२ ते २ : दहा दिवस.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

पार्टिशनच्या ॲडव्हान्सचा चेक आजच काढून घेतला, मिरवणुकीच्या ढोलात. परवापासून पितृपक्ष. थोरले सही करणार नाहीत.

१३ सप्टेंबर, शनिवार

वाईट दिवस.

जुनी वर्कस्टेशनं सोडायला घेतली. पहिलं सुटलं. दुसऱ्याचा स्क्रू काढताना भुसा आला. तिसऱ्याची फळी हातात आली. पार्टिकल बोर्ड, स्क्रू एकदा बाहेर आला की भोक गेलं, परत पिळला तर नुसता फिरत राहतो. कडांना नऊ वर्षांच्या चहाने आणि फडक्याने फूग. १८ पैकी ११ धड. त्या ११ चीही मी हमी देणार नाही.

आकडा मी बसवला होता. एकही उघडून न बघता. कॅटलॉग वाचून. वीस वर्षं हेच काम करतेय.

प्रॉप्स्टची गोष्ट आठवली. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी त्याने १९६८ साली उघडझाप करता येतील असे पडदे काढले, हात पसरल्यासारखे. कंपन्यांनी ते काटकोनात लावून खुराडी केली आणि पुन्हा कधी हलवलीच नाहीत. आमची इथलीही नऊ वर्षांत एकदाही हलली नव्हती. हलवली असती तर तेव्हाच कळलं असतं.

१४ सप्टेंबर

लोखंडी पाय सगळे चांगले आहेत. मिस्त्री म्हणाले, वरच्या फळ्या प्लायच्या करू, खालून पितळी नट बसवू. स्क्रू नाही, बोल्ट. दहा वेळा खोला, दहा वेळा जोडा.

थोरल्यांना सांगायचं कसं? पितृपक्षात नवी खरेदी नाही.

मिस्त्री : ही खरेदी कुठे, दुरुस्ती आहे.

थोरल्यांना हे एका मिनिटात पटलं.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. मिस्त्री आणि त्यांची माणसं गोरखपूरकडची. रंधे, करवती, ड्रिल, लेझर लेव्हल, सगळं पुसून एका फळीवर मांडलेलं, हळदीकुंकू, झेंडू. आज हत्याराला हात नाही. मला बुंदी. घाई आहे हे आज कोणालाच बोलले नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सकाळी साडेनऊला एसीचा टेम्पो गेटवर. मी ड्रायव्हरला मिठीच मारायची बाकी होते.

२५ सप्टेंबर

छत मिटलं. काचेची पार्टिशनं दीड दिवसात उभी. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वर-खाली पेच, भिंतीला हात नाही. बघायला सुरेख.

२६ सप्टेंबर

धाकटे आपल्या केबिनमध्ये बसून फोनवर कोणाला तरी पगारवाढ नाकारत होते. मी पँट्रीत होते. शब्द न् शब्द.

पार्टिशन छतापर्यंत, छताच्या वर मोकळं. आवाज टाइलमधून वर, पलीकडे खाली. हलती भिंत म्हटलं की हे आलंच. मला माहीत होतं, बोलले नव्हते. केबिनवरच्या टाइल्स काढून ग्लासवूलचे गठ्ठे उभे लावायला सांगितले. आता सूर ऐकू येतो, शब्द नाही. धाकट्यांना म्हटलं, रागवायचं असेल तर हळू रागवा.

२७ सप्टेंबर, शनिवार

शिफ्टिंग. दर खोक्यावर रंगाची चिकटपट्टी, रंग म्हणजे चौकोन. दोन ट्रक गेले. ठाण्यात उतरवायला माथाडींची टोळी, मुकादमाशी दर आधीच ठरवलेला, त्यामुळे गेटवर तमाशा नाही.

रात्री साडेदहा. पेढी रिकामी. चार भिंती, कॅलेंडरांचे पांढरे चौकोन आणि ते टेबल. भंगारवाला खाली उभा. लिफ्टच्या जाळीतून जाणार नाही, जिन्याच्या वळणावर अडणार. त्याचं म्हणणं, कापून नेतो.

मिस्त्री टॉर्च घेऊन टेबलाखाली उताणे झोपले. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज.

"मॅडम, इसमें कील ही नहीं है."

मीही खाली गेले. साडीला धूळ. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडात लाकूड, वर खुंटी, खुंटीत पाचर. आणि दर पायावर पटाशीने पाडलेल्या खाचा : एक, दोन, तीन, चार. वरच्या आडव्या पट्टीवर समोरासमोर त्याच खाचा. कोणता पाय कुठे, त्याची खूण. कोणी तरी हे उघडायचं म्हणूनच केलं होतं.

पाचरी बाहेर ठोकायला दहा मिनिटं. एक फुटली. बाकी सात मिस्त्रींनी रुमालात बांधून खिशात ठेवल्या.

भंगारवाल्याला टॅक्सीभाडं दिलं.

२८ सप्टेंबर

वागळेत टेबल जुळलं. आठवी पाचर मिस्त्रींनी तिथल्या तिथे तासली, वागळेतल्याच कुठल्या पॅकिंगपेटीच्या फळीची. रंग वेगळा दिसतो.

कुठे ठेवायचं? नकाशात ते नाहीच. मधल्या चौकोनात ठेवलं, सहा नव्या टेबलांची जागा खाऊन. २६ ची २० झाली. धाकट्यांना उद्या सांगेन.

२९ सप्टेंबर

धाकट्यांनी बघितलं. हात फिरवला. म्हणाले, "साडेपाचला उभे तरी कुठे राहणार होते म्हणा."

टेबलाखाली फ्लोअर बॉक्स : दोन प्लग, दोन डेटा. काकूंचा कॉम्प्युटर तिथे.

खिडकी टेबलापासून साडेसात फूट. काकू काही बोलल्या नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली. थोरल्यांनी रॅम्पवर काठी टेकून बघितली, मग काठी न टेकता चढले. दारावर तोरण, ॲल्युमिनियमच्या पट्टीत खिळा मारायचा नाही म्हणून मी दोरा बांधला. माझ्या पाठीमागे कोणी तरी एक खिळा मारलाच.

स्नॅग लिस्ट : ३४ गोष्टी. रिटेन्शन पाच टक्के, सहा महिने.

९ ऑक्टोबर

मेट्रो ३ आजपासून कफ परेडपर्यंत. आता फोर्टात उतरायला याहून सोपं काही नाही. विरारच्या पोराने ग्रुपवर स्टेशनचा फोटो टाकला, खाली एकच शब्द : धन्यवाद. तो आता दादरला उतरून गाडी बदलतो.

काकूंना विचारलं, तुमचं कसं? "उलटी गाडी ना. सकाळी रिकामी असते. मशीद बंदरापासून खिडकी."

गिरगावातून मशीद बंदरापर्यंत चालतात म्हणे अजून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी, छठ, सगळं आटोपून मिस्त्री परत आले. स्नॅगसाठी दोघं वागळेला गेलो.

टेबल जागेवर नाही. खिडकीला लागून. कोणी हलवलं? कोणी सांगेना. वायर फ्लोअर बॉक्सपासून टेबलापर्यंत जमिनीवरून ओढलेली, वर ब्राऊन टेप, टेपवर बुटांचे ठसे.

मिस्त्रींनी गाडीतून रबरी चोषक आणला. बॉक्सची फरशी उचलली, खिडकीजवळची साधी फरशी उचलली, खालून वायर ओढून घेतली, फरश्यांची अदलाबदल. टेप मात्र सुटता सुटेना, रॉकेल लागलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं, त्यातली पंधरा टेपची.

काकू फोनवर कोणाला तरी बिल ऑफ एंट्रीचा नंबर सांगत होत्या. तो सांगून झाल्यावर आम्हाला दोन चहा सांगितले.