आधी दुपटं, मग गोधडी

गोधडी शिकायला माझ्याकडे डोंबिवलीत ज्या मुली येतात, त्यातल्या बऱ्याचजणी पहिल्या दिवशी कोरं कापड घेऊन येतात. उल्हासनगरच्या बाजारातून हौसेने आणलेलं, छान छापाचं. ते मी पुन्हा पिशवीत ठेवायला लावते. कोऱ्या कापडात खळ असते, सुई अडते. पहिल्या धुण्यात ते आटतं, शेजारचं जुनं कापड आटत नाही, मग सगळीकडे चुण्या पडतात. रंग गेला तर सगळीच गोधडी डागाळते. गोधडीला हवं ते वापरून, धुऊन मऊ झालेलं सुती कापड. टेरिकॉट आणि जॉर्जेट तर नकोच. आपल्या दमट हवेत ते अंगाला चिकटतं.

मी हे काम सासूबाईंकडून शिकले. त्या आंबेगाव तालुक्यातल्या. डोंबिवली पूर्वेला आमच्या चाळीत दोन खोल्या होत्या, त्यात गोधडी पसरायची कुठे? त्या दुपारचं जेवण उरकलं की गॅलरी झाडून, पुसून घेत आणि तिथे बसत. मी शेजारी बसून टाके घालायची. त्यांचं एकच सांगणं असे, "अगं, दोरा ओढू नकोस, कापड आखडतंय."

माझ्या सांगण्यातही तेच पहिलं आहे. नव्या हाताला वाटतं, दोरा ताणला की शिवण पक्की होईल. तसं होत नाही. सुईवर चार-पाच टाके घ्यावेत, मग सुई ओढावी आणि शिवलेल्या भागावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवावा. आखडलेलं कापड लगेच मोकळं होतं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. टाके बारीक नसले तरी चालतील, सारखे असावेत. दोरा दीड हातापेक्षा लांब ओवू नये, पीळ बसून गुंता होतो. गाठ वर दिसू न देता आतल्या पदरांत दडवावी. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. चार पदरांतून सुई रेटताना उघडं बोट फार वेळ टिकत नाही.

किती साड्या लागतील, हे सगळ्याजणी विचारतात. सहावारी साधारण साडेपाच मीटर असते. तिची तिपदरी घडी घातली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी होते. नऊवारीचे चार पदर होतात आणि लांबी थोडी जास्त मिळते. ठाणे-कल्याणच्या हवेला तीन-चार पदर पुरे. घाटावरच्या थंडीसाठी सहा-सात पदरांची वाकळ करतात, पण तशी जड गोधडी इथे जुलैत वाळणार नाही, तिला कुबट वास येईल. कापूस भरू का, असंही कुणी विचारतं. कापूस रजईत जातो आणि तो पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा लागतो. गोधडी म्हणजे कापडावर कापड. अस्तर कमी पडलं तर मांजरपाट घ्यावा, पण दोनदा धुऊनच.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याला बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आजीची नऊवारी घेऊन आली. बहिणीचे दिवस भरत आले होते, बाळासाठी काहीतरी करायचं होतं. आम्ही दोघींनी साडी खिडकीत उजेडाला धरली. जिथे विरली होती तिथून पलीकडची इमारत दिसत होती. तो भाग मधल्या पदरात घातला, घट्ट विणीचा भाग वर घेतला आणि काठ कापून कडेला लावला. "काकू, मोठीच गोधडी करू का?" ती म्हणाली. मी नको म्हटलं. पहिलं काम दुपट्याचंच घ्यावं. मीटरभर चौरस दुपटं मांडीवर मावतं, जेवणानंतर तासभर बसलं तरी पुढे सरकतं आणि कंटाळा यायच्या आत पुरं होतं. मोठ्या गोधड्या अर्धवट राहून माळ्यावर गेलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

मोठीला हात घालाल तेव्हा पसरण्याचं काम नीट करा. फ्लॅटच्या हॉलमध्ये जागा नसते, म्हणून आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जातो. कोपऱ्यांवर पाट ठेवून पदर ताठ करतो आणि मधून बाहेर कच्चा दोरा घालतो. ही पायरी टाळू नका. आपल्याकडे गोधडी कडेपासून आत, फेऱ्या मारत शिवतात. कच्चा दोरा नसेल तर सैल कापड सरकत सरकत मध्यभागी साठतं आणि तिथे फुगवटा राहतो. मग उसवण्यावाचून इलाज नसतो.

सिंध्यांची रल्ली, म्हणजे त्यांची गोधडी, मात्र सरळ समांतर ओळींत शिवतात. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, 1949 साली तिथेच उल्हासनगर झालं. त्यामुळे आपल्याला रल्ली शिकवणारं माणूस लोकलने दोन-तीन स्टेशनांवर भेटू शकतं. कुणा सिंधी आजींकडे जुनी रल्ली असेल तर मुद्दाम बघायला जा आणि ती उलटी करून मागची शिवण बघा. फेऱ्या जमत नसतील तर सरळ ओळींनी सुरुवात करायलाही काही हरकत नाही.

एवढं ऐकून शिवायचं मनात आलं असेल तर या आठवड्यात कपाट आवरा. बोहारणीला टेरिकॉट खुशाल द्या. आईची, आजीची विटलेली सुती साडी मात्र बाजूला काढून ठेवा.